हा पारा कुणाचा?

तिसरी-चौथीत असताना माझ्या हातून घरातला थर्मामीटर फुटला. ताप बघून झाला की पारा खाली उतरवायला आई तो झटकायची. तसाच ऐटीत झटकायला गेलो आणि तो कॉटच्या लोखंडी कडेवर आपटला. शहाबादी फरशीवर चांदीचे मणी पळायला लागले. आम्ही भावंडं खुशीत. आईनं आधी आम्हाला चार शब्द सुनावले, मग एका पोस्टकार्डावर जमतील तेवढे मणी गोळा केले. उरलेले दोन फरश्यांच्या सांध्यात गेले. "तो गेला तो गेला, आता सापडायचा नाही," ती म्हणाली.

बरीच वर्षं हे वाक्य मला अगदी खरं वाटत होतं. गेले काही शनिवार-रविवार पाऱ्याबद्दल वाचतोय आणि आता तेवढी खात्री राहिली नाही. कारण जगात अशी माणसं आहेत जी ६.६ कोटी वर्षांपूर्वी हवेत उडून गेलेला पारा दगडातून शोधून काढतात. त्यातही गंमत अशी, की तो पारा आपल्या सह्याद्रीतून उडाला असावा असा त्यांचा कयास आहे!

आता दगडात पारा असतो म्हणजे किती? साधारण गाळाच्या खडकात काही दहा पीपीबी. पीपीबी म्हणजे शंभर कोटीत एक भाग. सोपं करून सांगायचं तर ५० पीपीबी म्हणजे एक टन दगडात ५० मिलिग्रॅम. मोजायला मात्र टनभर दगड कुणी घेत नाही, चिमूटभर पूड घेतात, समजा १०० मिलिग्रॅम. मग त्यात पारा उरला ५ नॅनोग्रॅम. तो सगळा गोळा करून एक मणी केला तर केवढा होईल? कागदावर हिशोब केला: पाऱ्याची घनता १३.५, त्यावरून व्यास येतो ९ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे आपल्या रक्तातल्या एका तांबड्या पेशीपेक्षा किंचित मोठा. एवढासा मणी दगडाच्या पुडीत विखुरलेला आहे आणि तो मोजायचाय.

पण वाचता वाचता लक्षात आलं की खरी अडचण मणी लहान असण्याची नाही. पारा सगळीकडे असतो. प्रयोगशाळेच्या हवेत असतो, ॲसिडच्या बाटलीत असतो, काचेच्या भांड्याला चिकटलेला असतो. त्यामुळे 'पारा किती?' याच्या आधी 'हा पारा कुणाचा?' हे विचारावं लागतं. दगडाचा की माझा? या मोजमापाचा शंभर वर्षांचा इतिहास मला तरी या एकाच प्रश्नाचा इतिहास वाटतो.

तर सुरुवात करू आल्फ्रेड श्टोक या जर्मन रसायनशास्त्रज्ञापासून (१८७६-१९४६). बोरॉन आणि सिलिकॉन यांची हायड्रोजनबरोबरची संयुगं हा त्याचा विषय. ही संयुगं महा-आगाऊ. हवा लागली की पेट घेतात, आणि काचेच्या तोट्यांना वंगण लावलं तर त्यालाही खातात. म्हणून श्टोकनं हवेचा स्पर्शच होणार नाही अशी काचनळ्यांची एक निर्वात मांडणी तयार केली. त्यात वंगणाच्या तोट्यांऐवजी पाऱ्याच्या झडपा, पाऱ्याचे पंप, पाऱ्याचे दाबमापक. या मांडणीच्या जोरावर त्यानं रसायनशास्त्राचं एक नवं दालन उघडलं.

आणि त्याच मांडणीनं त्याला आतून पोखरलं. वर्षानुवर्षं डोकेदुखी, चक्कर, नाक कायम चोंदलेलं. मग स्मरणशक्ती दगा द्यायला लागली. डॉक्टर वेगवेगळी निदानं करत राहिले. हे सगळं प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेमुळे होतंय हे उमगायला १९२४ उजाडलं. तोवर वीसेक वर्षं तो पाऱ्याच्या सान्निध्यात काढून चुकला होता. सांडलेला पारा जमिनीच्या फटीत जातो, तिथून हळूहळू वाफ होत राहते, तिला रंग नाही, वास नाही. (इथं मला आमची शहाबादी फरशी आठवली.)

पुढं त्यानं जे केलं ते मला फार मोठं वाटतं. १९२६ साली त्यानं पाऱ्याच्या वाफेच्या धोक्याबद्दल एक लेख लिहिला आणि त्यात स्वतःच्या आजाराची लक्षणं मोकळेपणानं मांडली. नावाजलेल्या प्राध्यापकानं 'मला आठवत नाही, मला सुचत नाही' असं छापून आणणं सोपं नसतं. पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. 'हवेतला इतका थोडा पारा बाधतो' हे म्हणायचं तर 'इतका थोडा' म्हणजे किती ते मोजता यायला हवं. आणि तशी पद्धत तेव्हा नव्हती. मग गड्यानं तीच तयार करायला घेतली.

त्याची पद्धत वाचून मी अक्षरशः थक्क झालो. नमुन्यातला पारा आधी द्रावणात आणायचा. तो विजेच्या साहाय्यानं तांब्याच्या बारीक तारेवर चढवायचा. ती तार काचेच्या केशनळीत तापवायची, म्हणजे पारा उडतो आणि थंड भागात बारीक बारीक दवबिंदूंसारखा जमतो. ते सगळे बिंदू एकत्र करून त्यांचा एकच गोळा करायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या गोळ्याचा व्यास मोजायचा. बस्स! व्यास कळला की आकारमान कळलं, आकारमान कळलं की वजन.

यातलं गणित मजेदार आहे. वजन व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं. १ मायक्रोग्रॅम पाऱ्याचा गोळा साधारण ५२ मायक्रॉनचा होतो. त्याच्या हजारावा हिस्सा, म्हणजे १ नॅनोग्रॅम घेतला तरी गोळा फक्त दहापट लहान होतो, ५ मायक्रॉनचा. म्हणजे वजन तराजूच्या आवाक्याबाहेर गेलं तरी गोळा सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यात राहतो. हा फायदा. तोटा असा की व्यासात १० टक्के चूक झाली तर वजनात ३३ टक्के चूक होते. फुकट काहीच मिळत नाही.

हे हत्यार हाती आल्यावर श्टोक आणि त्याचा सहकारी फ्रीडरिश कुकुएल यांनी दिसेल त्यातला पारा मोजायचा सपाटा लावला. हवा, पाणी, अन्न, माती, खडक. १९३४ साली त्यांनी पारा जगात कुठे कुठे पसरलाय यावर लेख प्रसिद्ध केला. निष्कर्ष एका ओळीत सांगायचा तर: सगळीकडे, थोडा थोडा.

आणि इथंच तो प्रश्न पहिल्यांदा नीट उभा राहिला. सगळीकडे पारा असेल तर माझ्या मोजणीत आलेला पारा दगडातूनच आला कशावरून? मला हे वाचताना ऑफिसातली एक गोष्ट आठवली. एका प्रोग्रॅमची मेमरी रोज थोडी थोडी वाढायची. गळती शोधायला मी एक छोटा तपासनीस प्रोग्रॅम लिहिला, दोन रात्री त्याचे आकडे बघत बसलो. शेवटी कळलं की निम्मी गळती माझ्या तपासनीसाचीच होती! तो आकडे साठवायचा, पण जुने आकडे सोडायला विसरायचा. तेव्हापासून काहीही मोजायचं झालं की मी आधी रिकाम्या प्रोग्रॅमवर मोजून बघतो. रसायनशास्त्रात याला ब्लँक म्हणतात. दगड न घालता बाकी सगळं तसंच करायचं: तेच ॲसिड, तेच भांडं, तोच वेळ. जो पारा सापडेल तो तुमचा. दगडाच्या आकड्यातून तो वजा करायचा. वजा करण्याजोगी संख्या दगडाच्या संख्येएवढीच मोठी निघाली तर त्या दिवशीचं काम कचऱ्यात.

श्टोकनंतरची मोठी उडी प्रकाशाची. पाऱ्याचे अणू २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश अधाशासारखा शोषतात. पाऱ्याच्याच दिव्यातून नेमका तोच प्रकाश निघतो. म्हणजे एका टोकाला पाऱ्याचा दिवा, मध्ये नळी, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारं यंत्र. नळीतून पाऱ्याची वाफ गेली की उजेड कमी होतो. जितका कमी तितका पारा. १९३९ साली टी. टी. वुडसन यांनी हवेतली पाऱ्याची वाफ ओळखणारं असं उपकरण केलं. इतर धातूंचे सुटे अणू मिळवायला ज्वाला पेटवावी लागते. पारा मात्र साध्या खोलीच्या तापमानालाही वाफेच्या रूपात सुट्या अणूंनी फिरतो. ज्या गुणानं श्टोकला आजारी पाडलं तोच गुण मोजमापाच्या कामी आला.

खडकांकडे लक्ष वळलं ते पैशापायी. सोन्या-चांदीच्या, जस्ताच्या खनिजांबरोबर थोडा पारा असतो आणि तो वरच्या खडकात, मातीत झिरपत येतो. जमिनीवर पारा जास्त दिसला तर खाली काहीतरी घबाड असण्याची शक्यता. सोव्हिएत भूरसायनशास्त्रज्ञ साउकोव यांनी १९४६ साली पाऱ्याच्या भूरसायनावर अख्खा ग्रंथ लिहिला. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं खडकाची पूड तापवून पारा मोजायची सुटसुटीत यंत्रं बनवली. उडालेला पारा आधी मौल्यवान धातूच्या जाळीवर पकडायचा, मग जाळी तापवून एकदम सोडायचा. सोनं पाऱ्याला कसं धरतं हे आपल्या सोनारांनाही पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.

त्याच सुमाराला जगाला पाऱ्याची भीती बसली. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली एक विचित्र मज्जारोग अधिकृतपणे नोंदला गेला होता. तो कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे झाला हे तिथल्या सरकारनं मान्य करायला १९६८ उजाडलं. आणि १९६८ सालीच हॅच आणि ऑट या दोघांनी प्रकाशाची पद्धत कुठल्याही प्रयोगशाळेला जमेल इतकी सोपी करून मांडली: नमुना ॲसिडमध्ये विरघळवा, कथिलाचा क्षार घाला म्हणजे पारा सुटा होतो, त्यातून हवेचे बुडबुडे सोडा, ती हवा नळीतून न्या, उजेड मोजा. १९७० साली नॉर्वाल्ड फिमराइट या संशोधक विद्यार्थ्यानं कॅनडा-अमेरिका सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत भरपूर पारा दाखवला आणि तिथली मासेमारी बंद करावी लागली. मोजता यायला लागलं तेव्हाच नाकारणं अवघड झालं.

आजची यंत्रं या सगळ्याचं सार आहेत. दगडाची पूड छोट्या होडीत ठेवतात, ऑक्सिजनमध्ये ७००-८०० अंशांपर्यंत तापवतात, निघालेला पारा सोन्याच्या सापळ्यात अडकतो, मग सापळा झटकन तापवून तो प्रकाशाच्या वाटेत सोडतात. पाच-सात मिनिटांत आकडा. ॲसिडच नाही, म्हणून ॲसिडमधला पारा नाही. तरीही पथ्यं आहेतच. रिकामी होडी घालून ब्लँक घ्यायचा. ज्यातला पारा आधीच पक्का माहीत आहे असा प्रमाणित नमुना मधून मधून घालून यंत्राची परीक्षा घ्यायची. पूड गरम भट्टीत वाळवायची नाही, नाहीतर मोजायच्या आधीच पारा पसार. आणि दगड घ्यायचा तो वरचा ऊन-पाऊस खाल्लेला नाही, आतला ताजा घ्यायचा.

आता सह्याद्रीकडे. १९८० साली लुइस अल्वारेझ, त्यांचा मुलगा वॉल्टर, फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी डायनोसॉर संपले त्या काळाच्या थरात इरिडियम धातू मोजला. इटलीत नेहमीच्या ३० पट, डेन्मार्कमध्ये १६० पट, न्यूझीलंडमध्ये २० पट. इरिडियम पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, अशनींत भरपूर. म्हणून ते म्हणाले, एक मोठा अशनी आदळला. १९९१ साली मेक्सिकोतलं सुमारे १८० किलोमीटर व्यासाचं चिक्शुलूब विवर हेच ते, असं मांडलं गेलं आणि बहुतेकांच्या लेखी निकाल लागला.

पण त्याच सुमाराला आपल्याकडे लाव्हाचे पूर येत होते. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा काळा पाषाण, सगळे गडकोट ज्यावर उभे आहेत तो, याच काळातला. डुई मॅक्लीन, पुढं व्हॅन्सां कुर्तियो, गेर्टा केलर ही मंडळी सांगत राहिली की याही आगीचा हिशोब धरा. अडचण अशी की अशनीचा पुरावा जगभरच्या थरांत होता. दख्खनचा लाव्हा मात्र दख्खनमध्येच. मेक्सिकोच्या धडकेचा आणि इथल्या लाव्हाचा काळ एकाच दगडात शेजारी शेजारी कसा वाचायचा?

उत्तर मिळालं पाऱ्यात. ज्वालामुखी पाऱ्याची वाफ सोडतात. ती हवेत सहा महिने ते वर्षभर टिकते, म्हणजे पृथ्वीला वळसा घालायला भरपूर वेळ. मग पावसाबरोबर उतरते आणि समुद्राच्या गाळात जाऊन बसते. २०१२ साली हामेद सानेई, स्टीफन ग्रॅस्बी आणि बेन्वा बोशां यांनी कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या खडकांत पर्मियन काळाच्या शेवटी, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, पारा एकदम वाढलेला दाखवला. सैबेरियाच्या लाव्हाचा तो काळ. २०१३ साली ब्राझीलचे आल्सिडेस सियाल आणि सहकारी यांनी डेन्मार्क, इटली आणि आपल्या मेघालयातल्या डायनोसॉर-अंताच्या थरांत पारा मोजला. २०१६ साली एरिक फाँट आणि सहकाऱ्यांनी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या बिदार गावच्या थरांत, इरिडियमच्या थराच्या जरा खाली, पाऱ्याची वाढ दाखवून ती दख्खनच्या खात्यावर टाकली.

झालं! लगेच यान स्मिट आणि मंडळींनी त्याच नियतकालिकात आक्षेप नोंदवला. वाद वैयक्तिक वाटला तरी मुद्दा जुनाच होता: हा पारा कुणाचा?

कारण संशयित बरेच आहेत. पारा कुजलेल्या जैविक पदार्थाला चिकटतो, म्हणजे एखाद्या थरात जैविक कार्बन जास्त असेल तर ज्वालामुखी नसतानाही पारा जास्त दिसेल. म्हणून आता पाऱ्याचा आकडा कार्बनच्या आकड्यानं भागून बघतात. (पण कार्बन अगदीच कमी असेल तर भागाकार वेड्यासारखा फुगतो, शून्याजवळच्या भागाकाराचं दुखणं आम्हा प्रोग्रॅमरांना सांगायला नको.) जमिनीवरची जंगलं जळली, माती वाहून आली, तरी पारा समुद्रात येतो. अशनीच्या धडकेनंही खडकातला पारा उडू शकतो. शिवाय गाळ दगड होताना पारा एका थरातून दुसऱ्यात सरकू शकतो.

संशयितांची ओळखपरेड घ्यायला मदत होते समस्थानिकांची. पाऱ्याची सात स्थिर समस्थानिकं आहेत. २००७ साली बर्गक्विस्ट आणि ब्लम यांनी दाखवलं की सूर्यप्रकाशात पाऱ्यावर होणाऱ्या क्रियांमुळे विषम वजनाची समस्थानिकं, १९९ आणि २०१, बाकीच्यांपेक्षा वेगळी वागतात. त्यामुळे हवेतून थेट समुद्रात आलेला पारा आणि झाडापानांतून, मातीतून आलेला पारा यांच्या खुणा बहुधा वेगळ्या पडतात. साक्ष शंभर टक्के नाही, पण साक्षीदार कामाचा आहे.

मला सगळ्यात आवडलेलं काम २०१९ सालचं. मिशिगन विद्यापीठाच्या काइल मेयर आणि सहकाऱ्यांनी गाळ सोडून त्या काळच्या शिंपल्यांचे जीवाश्म घेतले. एकाच शिंपल्यातून पाण्याचं तापमानही काढलं आणि पाराही मोजला. दोन्ही एकाच वेळी वाढलेले. आणि ताळा बघायला त्यांनी व्हर्जिनिया राज्यातल्या, कारखान्याच्या पाऱ्यानं दूषित झालेल्या पाण्यातले आजचे शिंपले मोजले. जुन्या शिंपल्यांतलं प्रमाण त्यांच्याशी तुलना करण्याइतकं निघालं.

मग खुनी कोण? निकाल अजून लागलेला नाही. २०१९ साली 'सायन्स'च्या एकाच अंकात दख्खनच्या वयाचे दोन शोधनिबंध आले. शोएनी आणि मंडळींनी मुख्यतः दोन लाव्हाथरांमधल्या तांबड्या मातीतले झिरकॉनचे कण मोजले आणि एक मोठा उद्रेक धडकेच्या काही दहा हजार वर्षं आधीचा ठरवला. स्प्रेन आणि मंडळींनी लाव्हातल्याच खनिजावरून सांगितलं की बहुतेक लाव्हा धडकेनंतर बाहेर आला. दोघांचे नमुने आपल्या घाटातलेच. डायनोसॉरांच्या अंताला अशनीच मुख्यतः जबाबदार, असं आज बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. मला वाटतं पाऱ्यानं एवढं नक्की केलं की 'दख्खनचं काय?' या प्रश्नाला आता मोजता येण्याजोगं रूप आलं.

गंमत म्हणजे सह्याद्रीचा पारा सह्याद्रीत शोधून फारसा उपयोग नाही. लाव्हा थंड होईपर्यंत बहुतेक पारा उडून गेला, इथल्या बसाल्टमध्ये अगदी थोडा उरला. तो शोधायला बिदारला जायचं, मेघालयात जायचं. गेल्या महिन्यात घाट उतरताना रस्त्याकडेच्या कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांमधली तांबडी रेघ दिसली. इतकी वर्षं दिसत होती, पण दोन पुरांमधली ती उसंत आहे हे आता कळलं. गाडी बाजूला घेऊन बघत बसलो. बायको म्हणाली, "अरे, दरड कोसळायची!" निघालो.

आता शेवटचा हिशोब. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१५ या एका वर्षात माणसानं सुमारे २,२०० टन पारा हवेत सोडला. त्यात सगळ्यात मोठा वाटा छोट्या सोनेखाणींचा, मग कोळशाचा. ज्वालामुखींचा वार्षिक वाटा काही शे टनांचा धरतात. मिनामाताच्या नावानं झालेला जागतिक करार २०१७ साली अमलात आला, ही त्यातल्या त्यात बरी बातमी. पण जो उडाला तो कुठल्या ना कुठल्या समुद्राच्या तळाशी थर धरून बसतोय. काही कोटी वर्षांनी कुणी तो थर फोडून, पूड करून, तापवून बघितला आणि विचारलं, हा पारा कुणाचा? तर त्या वेळी संशयितांची यादी करायची गरज पडणार नाही.

त्यातले दोन-चार मणी आमच्या शहाबादी फरशीतले असतील. आईला परवा फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे थर्मामीटर तूच फोडलास हे एवढ्या वर्षांनी सिद्ध झालं तर!"

असो.